वांगी सोडून माती चाटणारी शेळी

"हाड! हाड! ए धम्म्या, काठी आण! शेळी वाफ्यात शिरली!"

लुंबिनी ओट्यावरून उडी मारून अनवाणीच पळाली. तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ धम्मदीप. त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता आणि हातात काठीऐवजी झाडू होता. काठी शोधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पोहे गार होतात!

शेजारच्या पार्वतीमावशींची करडी शेळी वांग्याच्या रोपांमध्ये खुशाल उभी होती. मान खाली, शेपटी तुरुतुरु हलत होती. लुंबिनीनं त्याच्या हातातला झाडू ओढून उगारला आणि तो हवेतच राहिला.

"मार ना, ताई! खाऊन टाकील सगळं!"

"गप. ती खात नाहीये. नीट बघ."

धम्मदीपनं बघितलं. शेळीनं हिरवं रोप नाकानं बाजूला सारलं होतं आणि ती चक्क माती चाटत होती! चट् चट् चट्! धम्मदीप श्रीखंडाची वाटी चाटतो तशी!

"येडी हाय का ही?" कुंपणापलीकडून आवाज आला. गावातल्या किराणा दुकानातला रुद्रेश आणि त्याची बहीण मंजुश्री दूध घेऊन आले होते. सुट्टी लागल्यापासून दोघं रोज यायचे. रुद्रेश लुंबिनीच्याच वयाचा, आठवीतला. मंजुश्री एका वर्षानं लहान. बोलायची कमी, पण बोलली की मिरची.

"येडी कशाला?" मंजुश्री म्हणाली. "तिला कळतंय की ह्या रोपांत खाण्यासारखं काही उरलं न्हाई."

लुंबिनीला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

हे सगळं चाललं होतं लुंबिनीच्या आखाड्यावर, तर आता हा आखाडा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे! नांदेड-लोह्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. लुंबिनीची मम्मी, उज्वला, लोह्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि पप्पा, विनोद, नांदेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दोघांनी मिळून उन्हाळ्यात कौठवाडीच्या शिवारातला हा जुना आखाडा आणि भोवतीचं थोडं रान विकत घेतलं. दगडी भिंती भक्कम होत्या. वरचं माळवद मात्र, म्हणजे लाकडं, पाला आणि मातीचे थर देऊन केलेलं सपाट छप्पर, यंदाच्या पावसात पार खचलं. ते उतरवून पत्रे घालायचं आणि घरापुढं भाजीचे वाफे तयार करायचं काम सुदर्शन गुत्तेदाराला दिलं. मम्मी-पप्पा कामावर आणि मुलं नांदेडच्या शाळेत. सुदर्शनचं काम बघायला इथं कोणीच नव्हतं. सगळे आले तेव्हा वर निळे पत्रे चमकत होते आणि पुढं काळेभोर, सपाट वाफे तयार होते. पप्पांनी तर सुदर्शनला मिठीच मारली!

पण बाग काही उभी राहिना. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पप्पांनी लावलेली पहिली रोपं आठवड्यात माना टाकून बसली. दिवाळीच्या सुट्टीत लुंबिनीनं दुसरी लावली. वांगी, टोमॅटो, मिरची. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, बाग माझी! रोज सकाळी विहिरीवरून पाणी शेंदून ती एकेका रोपाला घालायची. आणि आता त्याही रोपांची पानं कडेनं करपत चालली होती. मातीवर पांढरी पिठूळ साय धरली होती.

गावातले लोक यायचे, वाफ्यांकडं बघायचे आणि हसू दाबून जायचे. नोकरीवाल्यांची शेती म्हणे!

"अरे, पळा! गुत्तेदार आला!" धम्मदीप ओरडला.

सुदर्शनची मोटारसायकल फटफटत आली. तो खुर्चीवरसुद्धा असा बसायचा की जणू माळेगावच्या जत्रेतल्या उंटावर बसलाय. पप्पांनी त्याला चहा दिला. मम्मी ड्युटीला निघाली होती, ती पिशवी खांद्याला लावून दारातच थांबली.

"विनोदराव, मी तर पहिल्यापासून सांगून राहिलो," सुदर्शननं बशीत चहा ओतला. "पाणी खारं हाय. ही पांढरी साय बघा की! ह्या विहिरीच्या पाण्यावर गवताची काडी येणार न्हाई. बुजवून टाका विहीर. बोअर घ्या. माझ्या मेव्हण्याची गाडी हाय, उद्या म्हणाल तर उद्या. आणि हा जुन्या गोठ्याच्या पाडलेल्या भिंतीचा रोडा पडलाय न, तोच टाकू विहिरीत. एका कामात दोन कामं!"

"पण विहीर चांगली बांधलेली आहे हो," पप्पा म्हणाले.

"बांधलेली हाय, पण पाणी खारं हाय!"

"खारं नाहीये!" लुंबिनी मध्येच बोलली. "आम्ही रोज तेच पितो. गोड आहे!"

"बाळा, माणसाच्या तोंडाला कळत न्हाई, झाडाला कळतं." सुदर्शन हसला. मग पप्पांकडं वळून त्यानं आवाज जरा खाली आणला, पण इतकाही नाही की कोणाला ऐकू जाऊ नये. "आणि खरं सांगू का विनोदराव, राग मानू नका. शेती म्हणजे नोकरी न्हाई. तुमच्या लोकांच्या हाताला शेतीची सवय न्हाई."

 मम्मीनं पिशवी खाली ठेवली.

"सवय आहे, सुदर्शनराव," ती म्हणाली. "माझ्या आईचा आणि सासूचा जन्म शेतातच गेला. फक्त शेत दुसऱ्याचं होतं. हे पहिलंच आमचं आहे."

सुदर्शननं बशी तोंडाला लावली. अशा माणसांचं तोंड बशीमागं बरं दिसतं!

मम्मी गेली. पप्पा मात्र विचारात पडले. त्यांनी वाफ्याकडं बघितलं, लुंबिनीकडं बघितलं.

"तूच पाणी जास्त घालत असशील," ते म्हणाले. "मुळं कुजवलीस सगळी."

मोठ्या माणसांचं एक ठरलेलं असतं. काही बिघडलं की त्यांची नजर आधी घरातल्या लहान माणसावर जाते. गुत्तेदाराला विचारायला धीर लागतो, पोरीला रागवायला काही लागत नाही!

"सोमवारी ट्रॅक्टर लावतो मग," सुदर्शन उठला. "विहिरीचं काम उरकून टाकू."

पप्पांनी मान डोलावली. लुंबिनीनं विहिरीकडं बघितलं. विहीर गेली की संपलं. बोअरला पाणी लागलं तर लागलं. आणि विहिरीत एकदा दगडमाती पडली की ती कोण कधी काढतंय?

*

"पाणी खारं नाही, हे दाखवायचं कसं?" लुंबिनीनं विचारलं. चौघं विहिरीच्या काठावर पाय सोडून बसले होते. खाली पाण्यात चार डोकी हलत होती.

"मी गुत्तेदाराला धक्का देतो," धम्मदीप म्हणाला. "पडता पडता तो पाणी पिईलच. मग विचारू, गोड लागलं का?"

"तुझ्या धक्क्यानं तो हलायचा न्हाई. आधी चार ताटं जेवून ये," रुद्रेश म्हणाला.

"मी रोज जेवतोच चार ताटं!"

"मेथी लावू," मंजुश्री म्हणाली.

"आँ?"

"मेथी लवकर उगवते. दुकानात बिस्किटांचे रिकामे डबे हायत. एका डब्यात ह्या वाफ्यातली माती, दुसऱ्यात पार्वतीमावशीच्या शेतातली. दोन्हीला पाणी ह्याच विहिरीचं. पाणी खारं असलं तर दोन्ही डबे मरतील. न्हाई मेले तर गुत्तेदार खोटा."

रुद्रेशनं बहिणीकडं बघितलं. "हे तुला सुचलं?"

"न्हाई. शेळीनं सांगितलं."

डबे आले, मेथी आली. लुंबिनीनं दोन्ही डब्यांना त्याच तांब्यानं, तेवढंच पाणी घातलं. डबे ओट्याच्या कोपऱ्यात सावलीत ठेवले आणि धम्मदीपला पहारेकरी नेमलं. तो तासातासाला जाऊन डब्यांना दटावायचा, "उगवा रे! उगवा लवकर!"

शनिवारी सकाळी तो ओरडतच घरात आला. "उगवली! उगवली!"

मावशींच्या मातीच्या डब्यात मेथी दाट, हिरवीगार, टोपी घातल्यासारखी! आणि वाफ्यातल्या मातीच्या डब्यात? दोन-चार पिवळे कोंब, तेही आडवे झालेले.

"पाणी चांगलं आहे! पप्पा, पाणी चांगलं आहे!" लुंबिनी दोन्ही डबे कवटाळून पप्पांकडं पळाली. पप्पा सुदर्शनसोबत दाराची कडी बघत होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. पप्पांनी डबे हातात घेतले, फिरवून फिरवून बघितले आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे पाणी नाही, आपली जमीनच खारी आहे."

लुंबिनीनं डबे त्यांच्या हातातून परत घेतले.

"अरारारा!" सुदर्शन चुकचुकला. "मंग तर लईच वाईट झालं की, विनोदराव. पाणी बदलता येतं, जमीन कशी बदलणार? माझं ऐका, इकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो. विहीर मात्र बुजवू, उघडी विहीर धोक्याची. लेकरं फिरून राहिलीत इथं."

 पप्पा ओट्यावर बसले आणि नव्या पत्र्यांकडं बघत राहिले. लुंबिनीला वाटलं, आत्ताच्या आत्ता ते डबे फेकून द्यावेत. विहीर वाचवायला गेलो आणि घरच गमावून बसलो!

"तुमच्या मेथीनं तर सगळंच बुडवलं!" ती मागच्या बाजूला जाऊन मंजुश्रीवर ओरडली.

मंजुश्री लाल झाली. "मेथी खोटं बोलत न्हाई! आपणच नीट विचारलं न्हाई तिला!"

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय ठाऊक!"

दोघी पाठ फिरवून उभ्या राहिल्या. रुद्रेश दोघींच्या मध्ये उभा राहून कधी हिच्याकडं, कधी तिच्याकडं बघत होता. तेवढ्यात वाफ्याकडून धम्मदीपची आरोळी आली.

"ताईऽऽ! ये लवकर! क्रीमचं बिस्कीट!"

"ह्याला खाण्याशिवाय काही सुचत नाही," लुंबिनी डोळे पुसत पुटपुटली. पण गेली.

धम्मदीपनं रागाच्या भरात वाफ्याच्या मधोमध खड्डा खणला होता. मेलेली सगळी रोपं तो एकदमच पुरणार होता. त्याचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा खड्डा. त्यानं खुरप्यानं खड्ड्याची बाजू दाखवली.

"बघ ना! वर काळी माती, मधी पांढरी, खाली परत काळी! क्रीमचं बिस्कीट हाय का न्हाई?"

चौघं गुडघ्यावर बसले, डोकी खड्ड्यात! खरंच. वर वीतभरसुद्धा नाही इतका काळ्या मातीचा थर. त्याखाली राखेसारखी पांढुरकी, पिठूळ माती. आणि तिच्याही खाली ओलसर, काळीभोर, गांडुळं वळवळणारी माती!

"जमीन अशी नसते," रुद्रेश म्हणाला. "आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा मी बघितलंय. खाली मुरूम लागतो. काळी, पांढरी, परत काळी असं कुठंच नसतं."

"मग ही मधली कोणीतरी आणून टाकलीय!" लुंबिनी म्हणाली. तिनं पांढऱ्या मातीत हात घातला. हाताला काहीतरी टोचलं. लाकडाची चपटी, किडकी पट्टी, तिच्या एका बाजूला चुन्याचा जुना हात दिलेला. आणखी खणल्यावर सुकलेला, काळा पडलेला कडुलिंबाचा पाला निघाला. मूठभर, दाबून दाबून बसवल्यासारखा.

"शेतात चुना दिलेलं लाकूड?" मंजुश्रीनं पट्टी उलटीपालटी केली. "हे तर घरातलं हाय."

 उत्तर चौघांच्याही जिभेवर आलं होतं, पण बाहेर पडत नव्हतं.

"चला आमच्या घरी," रुद्रेश एकदम उठला. "असली पट्टी मी कालच बघितलीय!"

*

रुद्रेशचे आजोबा चंद्रप्पा, घरात सगळे त्यांना अज्जा म्हणत, दुकानामागच्या खोलीपुढं कमरेवर हात ठेवून उभे होते. पावसात त्यांचंही माळवद गळलं होतं. छताचा एक कोपरा उघडून ठेवला होता आणि खाली लाकडी पट्ट्या, पाला आणि पांढुरक्या मातीचा ढीग पडला होता.

आणि त्या ढिगाला दोन शेळ्या तोंड लावून उभ्या होत्या. चट् चट् चट्!

"जय भीम, अज्जा!" लुंबिनी म्हणाली.

"शरणार्थ, शरणार्थ! या बाळांनो." अज्जांनी शेळ्या हुसकल्या. "बघा ही पंचाईत! आहे तेवढी खारी माती ह्या शेळ्याच चाटून संपवतील. लई आवडते त्यांना. जनावरांना मीठ लागतं न!"

"अज्जा, माळवदावर खारी माती का टाकतात?" लुंबिनीनं विचारलं. 

"का म्हणजे? साधी माती टाकली की पावसाळ्यात वर गवत उगवतं. गवताची मुळं खाली जातात, त्या वाटेनं पाणी शिरतं आणि खोली गळती. खाऱ्या मातीत काहीच उगवत न्हाई. म्हणून तर छताला ती!"

काहीच उगवत नाही!

चौघांचेही डोळे मोठे झाले. आखाड्याचं जुनं माळवद. त्यावरची सगळी खारी माती. ती गेली कुठं? ओढ्यापलीकडच्या पडीक खड्ड्यात टाकायचं ठरलं होतं. पप्पांनी ट्रॅक्टरचं भाडंही दिलं होतं. आणि सुदर्शननं ती घरापुढंच पसरून, वरून काळी माती शिंपडून, वाफे म्हणून दाखवली होती!

"छप्परच पेरलंय आपल्या बागेत!" धम्मदीप किंचाळला.

"चोर!" रुद्रेशनं मुठी आवळल्या. "चल, आत्ताच जाऊन सांगू!"

"सांगून काय होणार?" लुंबिनी म्हणाली. तिला त्या बशीमागचं तोंड आठवलं. "तो म्हणेल, माती आधीपासूनच तशी होती. लेकरांना काय कळतं, म्हणेल. पप्पा परत माझ्याकडंच बघतील. नाही! हे त्याच्याच तोंडातून निघालं पाहिजे."

ती अज्जांकडं वळली. "अज्जा, तुम्हाला किती खारी माती लागेल?"

"लागेल तर बरीच. पण मिळतीय कुठं? नवी आणली तर बसायला दोन पावसाळे जातात. जुनी, मुरलेली पाहिजे. का गं?"

लुंबिनीनं सगळं सांगितलं. ऐकताना अज्जांच्या कपाळावरची भस्माची रेघ आधी आक्रसली, मग पसरली. शेवटी ते पोट धरून हसायला लागले.

"दुकानात बसून बसून पाठ धरली होती माझी," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी येतो."

*

सोमवारी आखाड्यासमोर ट्रॅक्टर घरघरत उभा राहिला. ट्रॉलीत दगड, विटा, मातीचा रोडा काठोकाठ भरलेला. ट्रॉलीचं मागचं फळकं विहिरीकडं. सुदर्शन ड्रायव्हरला हातानं खुणा करत होता, "घे मागं, घे, घे!"

"ठरल्याप्रमाणं!" लुंबिनी कुजबुजली. "धम्म्या, जा!"

धम्मदीप घरात पळाला. "पप्पा! पप्पा! कडी अडकली! दार उघडंना!"

"कालच तर बसवली ही कडी!" पप्पा पक्कड घेऊन पुढच्या खोलीत गेले. दाराला लागूनच खिडकी होती, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर वाफे. मम्मी आधीच आत होती. आज ती मुद्दाम उशिराच्या ड्युटीवर होती. लुंबिनीनं मम्मीला सगळं सांगितलं होतं. तिनं फक्त एवढंच म्हटलं होतं, "तुझी बाग आहे, तूच निस्तर. मी आहे मागं."

अज्जा काठी टेकत आले. खिडकीच्या बरोबर समोर थांबले.

"सुदर्शन! अरे ए सुदर्शन!"

"शरणार्थ, मालक! तुम्ही इकडं कुठं?" सुदर्शन लगबगीनं आला. गावातला सगळ्यात मोठा दुकानदार. उद्या त्यांचंही काम मिळायचं!

"माझ्या खोलीचं माळवद करायचंय. जुनी खारी माती पाहिजे. चांगले पैसे देईन. तुझ्याकडं असली तर बोल, न्हाईतर देगलूरकडून मागवून राहिलोय. गाडी आत्ता निघते."

सुदर्शनचे डोळे लुकलुकले.

"देगलूरहून कशाला मालक? मी हाय न!"

"ओढ्यापलीकडं टाकलीत म्हणे तुम्ही," लुंबिनी शांतपणे म्हणाली. "आम्ही तिथं जाऊन आलो काका. पावसानं सगळी वाहून गेली असेल. काहीच नाही तिथं."

"मंग जाऊ दे," अज्जांनी पाठ फिरवली. रुद्रेशनं लगेच खिशातून फोन काढला. "अज्जा, देगलूरवाल्यांना लावू का?"

"अहो थांबा, थांबा मालक!" सुदर्शन आडवा आला. "वाहून कशाला जाईल? तिकडं टाकलीच न्हाई तर! ओढ्यात चिखल होता, ट्रॅक्टर फसला असता. सगळी इथंच हाय की! ह्या वाफ्यांखाली. एक नंबर माल, चाळीस पावसाळे मुरलेला. वरचं काळं खरवडलं की झालं. आज संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात..."

आणि तो थांबला.

खिडकीची कडी टक्‌कन उघडली होती. आत पक्कड हातात धरून पप्पा उभे होते. त्यांच्या शेजारी मम्मी. आणि त्या दोघांच्या कोपराखालून बाहेर डोकावणारं, कानापर्यंत हसणारं धम्मदीपचं तोंड!

"काय म्हणालात, सुदर्शनराव?" पप्पांनी विचारलं.

"न्हाई, ते... म्हणजे... मालक मस्करी..."

"मी मस्करी करत न्हाई, मी माती मागतोय," अज्जा म्हणाले.

पप्पा बाहेर आले. धम्मदीपच्या खड्ड्याजवळ बसले. पांढरी माती त्यांनी बोटांत चोळली, जिभेला लावली आणि थुंकले. मग खालची काळी माती हातात घेतली. ती त्यांनी बराच वेळ मुठीत धरून ठेवली.

"मी नोकरी करत असलो तरी मला एक कळतं," ते उठून म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "वर्कशॉपमध्ये मी एखाद्या गाडीचा ब्रेक न बघता वरून रंग मारून दिला, तर रस्त्यात माणसं मरतील. तुम्ही माझ्या रानात विष पेरलंत, वरून काळं फासलंत, आणि दोष माझ्या विहिरीला, माझ्या लेकीला आणि माझ्या लोकांच्या हातांना दिलात!"

सुदर्शननं खाली बघितलं. त्याचा उंट कुठल्या कुठं पळाला होता!

"चूक झाली, विनोदराव. मला वाटलं, वर काळी माती हाय, भाजी येऊन जाईल. कोण खणून बघतंय?"

"लेकरं बघतात," मम्मी म्हणाली. "तुम्ही त्यांना मधे बोलू देत नाही, म्हणून ती खणून बघतात."

मग जे झालं ते कौठवाडीनं कितीतरी दिवस चघळलं. सुदर्शननं आपली माणसं बोलावली आणि स्वतःही फावडं हातात घेतलं. पांढरी माती थरानं थर निघत गेली. ती घमेल्याघमेल्यानं चंद्रप्पांच्या दारात गेली आणि जिथं तिची जागा होती तिथं, छतावर, चढली. अज्जांनी मातीचे पैसे सुदर्शनला दिले नाहीत. ते त्यांनी सरळ मम्मीच्या हातात ठेवले. "माती ज्यांची, पैसे त्यांचे," ते म्हणाले आणि सुदर्शनला विचारलं, "काय रे, बरोबर न?" सुदर्शनला मान हलवावीच लागली.

वाफ्यांतून खरी जमीन वर आली. तिच्यावर मुलांनी पार्वतीमावशींकडचं शेणखत पसरलं. ह्या वेळी मंजुश्रीनं डबे मांडलेच. खालच्या काळ्या मातीची मेथी! ती उगवली, दाट, हिरवी. मंजुश्रीनं डबा लुंबिनीच्या नाकापुढं धरला.

"ह्या वेळी नीट विचारलं तिला."

"हाव गं बाई, चुकलं माझं," लुंबिनी हसली. "मेथी खोटं बोलत नाही."

मग वांगी, टोमॅटो, पालक, आणि कुंपणाच्या कडेनं शेवगा. रोपं लावायला गावातली माणसंसुद्धा आली. हसू दाबून जाणारीच माणसं! एकजण म्हणाला, "लेकरं लई हुशार हायत हो तुमची." दुसरा म्हणाला, "आमच्या वाफ्याचंही जरा बघाल का?" पार्वतीमावशींनी तर चौघांच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. अज्जांनी दुकानातली शेंगदाण्याची चिक्की उघडली, आणि तिचं अर्धं पाकीट कुठं गेलं हे धम्मदीपला विचारायची गरजच नव्हती.

हे सगळं पुढचं. त्या सोमवारीच संध्याकाळी पप्पा विहिरीच्या काठावर लुंबिनीशेजारी येऊन बसले.  खाली पाणी काळंशार, शांत होतं.

"मी तुला म्हणालो, तू मुळं कुजवलीस."

"हो."

"मी त्याला एक प्रश्न विचारला नाही. तुलाच रागावलो." त्यांनी खडा पाण्यात टाकला. "चुकलं माझं, बेटा. तू नसतीस तर ही विहीर आज दगडांखाली असती."

 लुंबिनीनं पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि पप्पांच्या ओंजळीत ओतलं. पप्पा प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड आहे."

"मी केव्हाची सांगतेय!"

तेवढ्यात मागं खाकरल्याचा आवाज आला. सुदर्शन. कपड्यांवर माती, केसांत माती. त्याच्या मागं ती रोड्यानं भरलेली ट्रॉली अजून तशीच उभी होती.

"विनोदराव, आता हा रोडा कुठं टाकू?"

पप्पांनी अंगठ्यानं शेजारी दाखवलं. "मला कशाला विचारता? बागेच्या मालकीणबाई ह्या बसल्यात."

 आठवीतल्या पोरीपुढं सुदर्शन हात बांधून उभा राहिला.

"सांगा, ताई. कुठं टाकू?"

लुंबिनी उठली. गावाकडून आखाड्यावर येणाऱ्या वाटेवर जिथं बैलगाड्यांची चाकं रुतून मोठमोठे खड्डे पडले होते, तिकडं तिनं बोट केलं.

"तिथं. आणि काका, दगड खालपासून ठोकून बसवा. वरून काळी माती पसरून झाकलेलं चालणार नाही. मी उद्या खणून बघणार आहे!"